हिरवं कार्ड

इतिहास लिहायला माणूस निवृत्तीला टेकलेलाच लागतो, असं आमच्या डीनसाहेबांना कुणीतरी सांगितलेलं दिसतं. रुग्णालयाला पंचाहत्तर वर्षं होतायत, पुस्तिका काढायचीय, आणि "मामा, तुमच्याइतकं जुनं इथं दुसरं काही उरलेलं नाही," असं म्हणून त्यांनी ते लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. माझे दोन महिने राहिले होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

मी परीक्षा विभागाचा कारकून. आमचं रुग्णालय विद्यापीठाचं, म्हणजे इथं खाटेवर पेशंट आणि खाटेभोवती विद्यार्थी. डॉक्टर व्हायची शेवटची परीक्षा नुसत्या कागदावर होत नाही, माणसावर होते. खराखुरा आजारी माणूस खाटेवर झोपवतात, विद्यार्थी त्याला तपासतो, निदान लिहितो, त्याखाली उपाय लिहितो, परीक्षक मार्क देतात. ही माणसं जमवायचं काम माझं. त्यांना आम्ही केस म्हणतो आणि मला सगळे केसमामा. डोक्यावर एक केस नसताना ही पदवी मिळाली, असं मी नव्या पोरांना सांगतो. हसतात बिचारी.

चांगली केस हातची जाऊ नये म्हणून मी तिला हिरवं कार्ड देतो. त्यावर नाव, पत्ता, आजार, कोणत्या वर्षी आली. परीक्षा जवळ आली की निरोप पाठवायचा. येणं-जाणं आमच्याकडून, चहा-बिस्किटं आमच्याकडून. इलाजाचा कागद वेगळा. तो पांढरा असतो, खाली खिडकीवर मिळतो, त्याला केसपेपर म्हणतात. हिरवं शिकवायचं, पांढरं बरं करायचं. हे दोन रंग नीट लक्षात ठेवा, कारण माझी अक्का या दोन रंगांच्या मधे मेली.

अक्का माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं, कानाला धरून शिकवलं आणि इथं चिकटवलंही तिनंच. ती इथल्या शिवणखोलीत होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, आणि ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर टाकतात ती मधे भोक असलेली हिरवी कापडं. त्या भोकाची कड दुमडून शिवणं अवघड असतं, कापड चुण्या धरतं. अक्काच्या हाताला चुणी पडायची नाही. ऑपरेशनवाले डॉक्टर तिचीच कापडं मागून घ्यायचे.

नोकरीला लागताना तिची तपासणी झाली तेव्हा कळलं की तिच्या छातीत आवाज आहे. आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या हृदयाजवळ एक छोटी नळी असते, जन्मल्यावर ती आपोआप मिटते. अक्काची मिटायची राहून गेली. त्यातून रक्त सारखं इकडचं तिकडे जायचं आणि त्याचा आवाज यायचा, न थांबणारा, घर्र घर्र, शिवणयंत्र चालावं तसा. तेव्हाचे मोठे सर तर हरखून गेले. "पुस्तकात लिहिलाय तसाच्या तसा आवाज," म्हणाले. "बाई, तुम्ही आमच्या परीक्षेला बसाल का?"

बसली की. अकरा वर्षं बसली.

आणि मला त्याचा काय अभिमान. अशी केस पाच-पंचवीस शहरांत नाही, बाहेरचे परीक्षक नाव काढायचे, आणि ती माझी बहीण. अक्कालाही मजा वाटायची. शिलाई अर्धवट टाकून यायची, खाटेवर पडायची, घाबरलेल्या पोरांना हळूच सांगायची, "डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली लाव रे. कुठं पोटावर शोधतोयस?" कितीतरी आज मोठे झालेले डॉक्टर अक्काच्या कुजबुजीवर पास झालेत. त्यांची नावं मला माहीत आहेत, पण जाऊ दे.

एकदा, सहावं-सातवं वर्ष असेल, परीक्षा संपल्यावर चहा पिताना ती मला म्हणाली, "अरे, ही पोरं दरवर्षी शेवटी ऑपरेशन ऑपरेशन म्हणतात. करायचं असतं का माझं?"

मी काय म्हणालो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणालो, "अगं, ती परीक्षेतली भाषा असते. उत्तरात उपाय लिहावाच लागतो, नाहीतर मार्क कापतात. तसं काही असतं तर एवढे मोठमोठे डॉक्टर दरवर्षी तुला तपासतात, ते बोलले नसते का?"

तिला पटलं. मलाही पटलं होतं, हे तर जास्त वाईट. पहिल्या युनिटला वाटायचं ती दुसऱ्या युनिटची पेशंट आहे, दुसऱ्याला वाटायचं हृदयविभाग बघतोय, हृदयविभागाला वाटायचं ती परीक्षा विभागाची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, माझी अक्का तर पाच घरची पाहुणी होती. शेकडो कानांनी तिची छाती ऐकली आणि तिच्या नावाचा पांढरा कागद म्हणून कधी निघालाच नाही.

दहाव्या वर्षी पोरं तक्रार करायला लागली. आवाज नीट येत नाही, अर्धाच येतो. अकराव्या वर्षी तर बाहेरचे परीक्षक स्वतः कान लावून बसले आणि नाराज होऊन म्हणाले, "ही केस गेली. पुढच्या वर्षी दुसरी बघा." अक्का धावत माझ्या टेबलाशी आली. धावत म्हणजे, तिला धाप लागायची हल्ली, भिंत धरत आली. "आवाज गेला रे," म्हणाली. "बरी झाले मी."

आवाज गेला म्हणजे आजार गेला. सरळ हिशोब. मी सगळ्या विभागाला गोड वाटलं. एकाही डॉक्टरनं तोंड गोड करताना विचारलं नाही की कशाबद्दल.

त्याच सुमाराला तिच्या डाव्या पायाची करंगळी निळी दिसायला लागली. मग शेजारचं बोट. हाताची बोटं गुलाबी, पायाची निळी. तिनं मला दाखवलं तेव्हा मी म्हणालो, "चपलेचा रंग लागलाय. ही स्वस्तातली चप्पल फेक आधी." ती नवी चप्पल घेऊन आली. बोटं निळीच राहिली, पण मग तिनं मला दाखवली नाहीत.

त्या आजारात आवाज जातो तो नळी मिटली म्हणून जात नाही. फुप्फुसातला दाब इतका वाढतो की रक्त उलटं वाहायला लागतं. वाईट रक्त खाली पायांकडे जातं, म्हणून बोटं निळी. आणि एकदा ते उलटं फिरलं की ऑपरेशनचा काही उपयोग राहत नाही. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी गोड वाटत होतो.

भर दुपारी गेली. शिवणखोलीत, मशीनवर. आम्हाला कळलं ते मशीन थांबेना म्हणून. विजेवरचं मशीन होतं, खाली पायपट्टी, आणि तिचा पाय पट्टीवर तसाच राहिला होता. कापड कधीच संपलं होतं. सुई रिकामी वरखाली होत होती, घर्र घर्र, आणि अक्का मान खाली घालून बसलेली. मला तो पाय उचलून बाजूला ठेवावा लागला.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. शिवणखोली पुढे बंद पडली, चादरी बाहेरून यायला लागल्या, आणि खोलीत जुने कागद कोंबले. मी तिथं पाऊल टाकलं नाही. कुणालातरी पाठवायचो.

पण आवाज काही मला सोडेना. आठव्या वर्षी, आवाज ऐन भरात असताना, मोठ्या सरांनी अक्काच्या छातीला माइक लावून टेप केला होता. पुढे तो कॉम्प्युटरवर गेला. दरवर्षी परीक्षेआधी व्याख्यानाच्या हॉलमधे हृदयाच्या आवाजांचा तास होतो, आणि तिथं तो लावतात. मोठ्यानं, भिंती थरथरतील असा. माझं टेबल हॉलच्या भिंतीला लागून आहे. बावीस वर्षं दर सालाला एक दिवस माझ्या पाठीमागच्या भिंतीतून माझ्या मेलेल्या बहिणीचं काळीज धडधडतं. मी त्या दिवशी टपाल घेऊन विद्यापीठात जातो. काम नसलं तरी जातो.

तर या पुस्तिकेपायी मला शिवणखोली उघडावी लागली. जुने फोटो आणि कागद सगळे तिथंच.

कुलूप गंजलेलं होतं, तेल घालून उघडलं. सकाळचे अकरा, लख्ख उजेड. अक्काचं मशीन खिडकीखाली होतं तिथंच होतं, वर कागदांचे गठ्ठे रचलेले. वायर कुणीतरी कधीच कापून नेली होती. मी मशीनकडे पाठ करून कामाला लागलो. फोटो मिळाले. पहिल्या वर्षीचा, हे रुग्णालय एका दोरखंडाच्या गोदामात सुरू झालं तेव्हाचा. बारा खाटा, एक शिक्षक, सहा विद्यार्थी. मागच्या भिंतीवर रंगवलेलं वाक्य. ते वाक्य आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, त्या गोदामाचाच पुढे हॉल झाला आणि भिंतीवर ते आजही तसंच आहे: "रुग्ण हा आपला पहिला शिक्षक."

फोटोत मात्र दोन ओळी होत्या. मी चष्मा पुसून बघितलं. दुसरी ओळ होती: "शिकून झाल्यावर त्याला बरं करायला विसरू नये."

चौतीस वर्षं मी त्या हॉलमधे खुर्च्या मोजतोय, दुसरी ओळ मी कधी पाहिली नव्हती. तसाच उठून हॉलमधे गेलो, पडद्याची पेटी जिथं भिंतीला ठोकलीय तिथं स्टुलावर चढून मागे डोकावलो. होती. टेप आणि चित्रं दाखवायला पडदा आणला, तेव्हा ती झाकली गेली असणार. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. एवढ्या उंचीचा पडदा, एवढी पेटी, ओळ नेमकी तिथं आली. मी स्टुलावरून उतरलो.

परत खोलीत आलो तर गठ्ठ्यांत परीक्षेचे पेपर सापडले. तीन वर्षांनी जाळायचे असतात, पण जाळायला समितीची सही लागते आणि समिती कधी बसलीच नाही. अक्काची अकरा वर्षं सुतळीनं बांधून पडली होती. मी एक गठ्ठा सोडला. एकेका पेपरच्या तळाला, वेगवेगळ्या अक्षरांत: "रुग्णाची शस्त्रक्रिया लवकरात लवकर करावी." "उशीर केल्यास शस्त्रक्रिया निरुपयोगी." "त्वरित." "तातडीने." आणि प्रत्येकापुढं परीक्षकाची लाल बरोबरची खूण. मी मोजत बसलो नाही. माझ्यानं झालंच नाही.

आणि तेव्हा तो आवाज आला. घर्र घर्र, न थांबता. मी मनात म्हटलं, तास लागला आज हॉलमधे, आणि डोळे मिटून बसून राहिलो. बऱ्याच वेळानं थांबला. बाहेर आलो तेव्हा हॉलला कुलूप होतं. तास पुढच्या मंगळवारी आहे असं शिपाई म्हणाला. कुणाला काय सांगणार, म्हातारा शेवटच्या महिन्यात चळला म्हणतील.

दुसऱ्या दिवशी पोस्टातली पोरगी आली.

ही वीस वर्षांची. पोस्टात पत्रं लावायचं काम करते, मावशीकडे राहते. परीक्षेला तिचं तिसरं वर्ष. आजार तोच, अक्काचा. गेली दोन वर्षं तिला बघताना मला अक्का आठवायची, पण मी तिला हिरवं कार्ड दिलंच होतं. मोठे डॉक्टर बघतायत की, असं मीच म्हणायचो मनाशी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. परीक्षा आठ दिवसांवर आली होती, तिला सराव-तपासणीला बोलावलं होतं. ती संपवून ती माझ्याकडे चहाला आली.

"मामा, यंदा पोरं फार वैतागली," ती बिस्कीट बुडवत म्हणाली. "आवाज निम्माच येतो म्हणे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"आणि मामा, एक विचारू? ही सगळी दरवर्षी लिहितात, ऑपरेशन करा म्हणून. मी डोकावून बघते ना. खरंच करायचं असतं का ते?"

शब्द न् शब्द तोच. खुर्चीही तीच. मी तिच्या बुटांकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "तुम्हाला बरं नाही का?" मी म्हणालो, "मोजे काढ."

"आँ?"

"बूट काढ, मोजे काढ. पाय दाखव."

तिला वाटलं मामांना खरंच काहीतरी झालंय. पण काढले. मी जमिनीवर बसलो, म्हाताऱ्या गुडघ्यांनी, आणि उजेडाकडे तिचे पाय धरून बघितले. गुलाबी होते. डाव्या करंगळीचं नख मला जरा काळपट वाटलं, मग वाटलं नाही, मग परत वाटलं.

तिला तिथंच बसवून मी फोन फिरवले. पहिलं युनिट म्हणालं, ती तिसऱ्याची. तिसरं म्हणालं, हृदयविभागात विचारा. हृदयविभागातल्या पोरानं वही चाळली आणि म्हणाला, "मामा, ती आमच्याकडे नाही. ती तुमचीच आहे ना?" मी फोन ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती माझीच होती.

मग मी शिवणखोलीत गेलो, एक पेपर शोधून काढला आणि मॅडमच्या खोलीत शिरलो. मॅडम म्हणजे आमच्या हृदयविभागाच्या प्रमुख, यंदा परीक्षेच्याही प्रमुख. बाई हुशार, कडक, पेशंटशी मायेनं बोलणाऱ्या. मी त्यांना पहिल्या वर्षापासून पाहिलंय, पाठीवर दोन वेण्या होत्या तेव्हापासून.

"पोस्टातली मुलगी," मी म्हणालो. "तिचा आवाज निम्मा झालाय."

त्यांनी मान वर केली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टर दिसला. मग त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "परीक्षा आठ दिवसांवर आहे मामा. आत्ता नळी बंद केली तर आपल्याकडे दुसरी केस नाही. परीक्षा होऊ दे, दुसऱ्या दिवशी पहिलं काम तिचं. कोणत्या युनिटची आहे ती?"

"कुणाचीच नाही."

"असं कसं होईल?"

मी पेपर त्यांच्यासमोर ठेवला. पिवळा पडलेला, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. "अक्षर ओळखता?"

त्यांनी वाचलं. त्या जरा हसल्याही. "अरे, हा माझा. आईशप्पथ, केवढं गिचमिड अक्षर. ही शिवणवाली बाई होती ना? मला तिनं कुजबुजून जागा दाखवली होती." मग त्यांची नजर खाली गेली, शेवटच्या ओळीवर. रुग्णाची शस्त्रक्रिया याच महिन्यात व्हावी. "पुढे काय झालं हो त्यांचं?"

"तुम्हाला वीसपैकी अठरा मिळाले," मी म्हणालो. "तिला काही मिळालं नाही. तुमचा पेपर झाल्यावर दोन वर्षांनी गेली. माझी बहीण होती ती मॅडम. पुढच्या मंगळवारी तुम्ही हॉलमधे जो आवाज लावणार आहात ना, तो तिचा आहे. दरवर्षी लावता."

त्यांनी चष्मा काढला.

"मला वाटलं होतं झालं असेल तिचं ऑपरेशन," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कुणीतरी..."

"सगळ्यांनाच वाटलं. मला सगळ्यांत जास्त वाटलं. तिनं मला विचारलं होतं आणि मी तिला सांगितलं की ही परीक्षेतली भाषा आहे." हे मी बावीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. रडू आलं नाही. राग आला, त्यांचा, माझा, त्या लाल खुणांचा. "आज त्याच खुर्चीत बसून या पोरीनं मला तेच विचारलंय. मी तिला काय सांगू तेवढं सांगा. आठ दिवसांनी या, असं सांगू?"

मॅडम उठल्या. "मुलगी कुठे आहे?"

"माझ्या टेबलापाशी. चहा पितेय."

"पांढरा पेपर काढा तिचा. मी येते."

चौतीस वर्षांत मी केसपेपरच्या रांगेत कधी उभा राहिलो नव्हतो. खिडकीतली बाई म्हणाली, "मामा, तुम्ही रांगेत कशाला, आत या ना." मी म्हणालो, राहू दे, उभा राहतो. नाव सांगितलं, वय सांगितलं. "सोबत नातेवाईक कोण?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मामा लिही." तिनं लिहिलं. साधा पांढरा कागद, वर शिक्का. एवढंच करायचं होतं. एवढ्याला दोन मिनिटं लागली.

मॅडमनी बोटाला लावायचा चिमटा आणला होता, रक्तात हवा किती ते सांगतो तो. हाताच्या बोटाला अठ्ठ्याण्णव. पायाच्या अंगठ्याला शहाण्णव. मग त्यांनी पोरीला दोन मजले चढून उतरायला लावलं. ती धापा टाकत आली, "मामा, हे काय चाललंय," म्हणत. हाताला सत्त्याण्णव. पायाला त्र्याण्णव. मॅडम आकड्याकडे बघत राहिल्या आणि मी मॅडमच्या तोंडाकडे.

"अजून हातात आहे असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "तपासण्या करून नक्की सांगते. पण पुढच्या वर्षीच्या परीक्षेपर्यंत राहिलं नसतं."

पोरगी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. "म्हणजे ते खरंच करायचं असतं?"

"हो," मी म्हणालो. "खरंच असतं. मी तुला आधी सांगायला हवं होतं."

तपासण्यांत निघालं की जेमतेम वेळ होती. आता छाती उघडावी लागत नाही. मांडीतून बारीक तार घालून त्या नळीला बूच बसवतात. सोमवारी झालं. मी बाहेर बाकावर तिच्या मावशीशेजारी बसलो होतो. दार उघडलं तेव्हा आत पोरीवर टाकलेलं हिरवं कापड दिसलं, बाहेरून आणलेलं, भोकाच्या कडेला चुण्याच चुण्या. अक्कानं उसवून परत शिवायला लावलं असतं.

परीक्षेला ती केस नव्हती. मॅडमनी वरून बोलणी खाल्ली, मला सांगितलं नाही, पण मला कळतं.

त्याआधी मंगळवारी तो तास होता. मी टपाल घेऊन गेलो नाही. हॉलमधे मागच्या रांगेत बसलो. पडद्याची पेटी, मी सांगितल्यावर, मॅडमनी हातभर खाली ठोकून घेतली होती, दोन्ही ओळी दिसत होत्या. (डीनसाहेब म्हणाले, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर दोन मावत नाहीत, एकच घेऊ. मी म्हणालो, मग दुसरी घ्या. विचार करतो म्हणाले.) मॅडमनी पोरांना सांगितलं हा आवाज कुणाचा, ती बाई काय काम करायची, आणि कशी गेली. मग लावला.

भिंतीतून ऐकणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं. घर्र घर्र घर्र, न थांबता. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. दरवर्षी दीड मिनिटानं बंद करतात, यंदा मॅडमनी शेवटपर्यंत चालू दिला. शेवटी आवाज जरा खरखरला, माइक काढताना असेल, आणि अक्का बोलली. स्पष्ट. "झालं का? सोडा मला आता, चाळीस चादरी द्यायच्यात."

पोरं हसली. मीही हसलो, आणि मग मला माझा रुमाल सापडेना.

आज माझा नोकरीतला शेवटचा दिवस. सत्कार झाला, पुस्तिका वाटली, दुसरी ओळ आतल्या पानावर बारीक अक्षरांत आलीय. टेबल आवरत होतो तर पोस्टातली पोरगी आली, पळत. भिंत न धरता. ती तपासणीला आली होती, मॅडमनी सहा विद्यार्थ्यांना तिची छाती ऐकायला लावली, आणि एकालाही काही ऐकू आलं नाही.

"मामा," ती म्हणाली, "आवाज गेला. बरी झाले मी."

मला माहीत होतं की हे खरं आहे. चिमट्याचे आकडे मी स्वतः पाहिले होते, हातापायाचे सारखे. तरी पलीकडे बंद शिवणखोलीत काहीतरी घर्र करून थांबल्यासारखं वाटलं. तिनं मान वळवली नाही, म्हणजे तिला ऐकू आलं नसणार.

"मोजे काढ," मी म्हणालो.

ती हसली, डोक्याला हात लावला, पण खुर्चीत बसून काढले. मी जमिनीवर बसलो आणि दहाच्या दहा बोटं एकेक करून बघितली. गुलाबी होती. मग डाव्या पायाची करंगळी मी उजेडाकडे धरून परत एकदा बघितली.